टर्मिनलचं सोंग

मॅकवर, लिनक्सवर किंवा विंडोजमधल्या लिनक्सवर टर्मिनल उघडा आणि 'टर्म' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये काय आहे ते छापून बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येईल : 'एक्सटर्म-२५६कलर'. गंमत म्हणजे तुम्ही एक्सटर्म वापरतच नसता. कुणाकडे आयटर्म असतं, कुणाकडे ग्नोम टर्मिनल, कुणाकडे विंडोज टर्मिनल. सगळे खुशाल दुसऱ्याचं नाव सांगतात. आणि ज्या एक्सटर्मचं नाव सांगतात, ते स्वतः तिसऱ्याच कुणाचं तरी सोंग घेऊन बसलेलं आहे. तो मूळ पुरुष म्हणजे डीईसी कंपनीचं व्हीटी१००. काचेचा पडदा आणि कीबोर्ड असलेलं एक यंत्र, बाजारात आलं १९७८ साली.

हे सगळं खोदत बसायचं कारण सांगतो. माझी विम, टीमक्स आणि झेडशेलची मांडणी मी तीन ऑपरेटिंग सिस्टिमवर वागवतो. ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा, घरी मॅक, आणि कोड जिथे चालतो तो सर्व्हर लिनक्सचा. एक गिट रिपॉझिटरी क्लोन करायची, चार सिमलिंक टाकायच्या, की रंग तेच, कळा त्याच, प्रॉम्प्ट तोच. टीममधली नवी मंडळी विचारतात, "व्हीएस कोड असताना हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की लॅपटॉप कंपनीचा असतो, लायसन्स कंपनीचं असतं, पण बोटांच्या सवयी माझ्या आहेत आणि नोकरी बदलली तरी त्या मला बरोबर न्यायच्या आहेत. पण मला त्याहून आवडणारा प्रश्न वेगळाच आहे : हे मुळात चालतंच कसं? मायक्रोसॉफ्ट, ॲपल आणि लिनक्सवाले यांचं आयुष्यात कधी एकमत झालेलं नाही. मग इथे कसं झालं?

तर मंडळी, सुरुवात कागदापासून. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्स जन्मलं तेव्हा टर्मिनलला सहसा पडदा वगैरे प्रकार नव्हता. होतं ते टेलिटाईप मॉडेल ३३, म्हणजे खडखडणारा टाईपरायटर. सेकंदाला दहा अक्षरं, तीही कागदाच्या गुंडाळीवर. आजही लिनक्समध्ये टर्मिनलच्या डिव्हाईसला 'टीटीवाय' म्हणतात ते याच टेलिटाईपमुळे. नवी ओळ सुरू करायला या यंत्राला दोन हुकूम लागत. एक, छापणारा डोका डावीकडे ने. दुसरा, कागद एक ओळ वर सरकव. युनिक्सवाल्यांनी विचार केला, की ही यंत्राची भानगड फाईलमध्ये कशाला साठवायची? फाईलमध्ये एकच चिन्ह ठेवायचं, दुसरं छापताना ड्रायव्हर घालेल. सीपी/एम आणि त्याच्या मागोमाग डॉसने मात्र दोन्ही चिन्हं फाईलमध्येच ठेवली. विंडोजवर सेव्ह केलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की 'बॅड इंटरप्रीटर' म्हणून गळा काढते, ती त्या टेलिटाईपच्या डोक्यापायी. (गिटमध्ये ओळींच्या शेवटांची सेटिंग पहिल्याच दिवशी लावून टाका. बाकी लेख नाही वाचलात तरी चालेल :-) )

मग आले पडदे, आणि सोबत गोंधळ. सत्तरच्या दशकात डझनांनी कंपन्या टर्मिनलं बनवत होत्या. पडदा पुसायचा हुकूम प्रत्येकाचा वेगळा, कर्सर हलवायचा वेगळा. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी तेव्हा एडिटर लिहीत होता. त्याच्यापुढचं टर्मिनल होतं लिअर सीगलर कंपनीचं एडीएम-३ए. त्याच्या कीबोर्डवर वेगळ्या बाणांच्या कळा नव्हत्या. बाण छापलेले होते एच, जे, के आणि एल या अक्षरांवर. विममध्ये आपण अजून याच चार अक्षरांवर नाचतो. टिल्डेच्या कळेवर 'होम' छापलेलं होतं, आणि आज शेलमध्ये होम डिरेक्टरीला टिल्डेच म्हणतात. एस्केपची कळ होती आज जिथे टॅब असते तिथे, करंगळीच्या टप्प्यात. आता कळलं ना, विममध्ये दर मिनिटाला एस्केप दाबायला लावणारा माणूस इतका दुष्ट का नव्हता ते!

जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. हिशोब करून बघा. सेकंदाला सुमारे तीस अक्षरं. ऐंशी गुणिले चोवीसचा पडदा म्हणजे १९२० अक्षरं. पडदा एकदा पूर्ण रंगवायला चौसष्ट सेकंद! म्हणून व्हीआयचे हुकूम एका-दोन अक्षरांचे, आणि म्हणूनच पडद्यावर जेवढं बदललं तेवढंच पुन्हा काढायची त्याची धडपड. आज रद्दड हॉटेल वायफायवरून सर्व्हरवर काम करताना विम अंगाला लागतं आणि बाकीचे एडिटर हुंदके देतात, ती ही पुण्याई.

पण जॉयचं मोठं काम माझ्या मते व्हीआय नव्हे. टर्मकॅप. प्रत्येक टर्मिनलची खोड एडिटरच्या कोडमध्ये घालत बसण्याऐवजी त्याने त्या सगळ्या एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये काढल्या. या टर्मिनलला इतके रकाने, पडदा पुसायला हे पाठवा, कर्सर हलवायला ते. माणसाने फक्त 'टर्म' मध्ये आपल्या यंत्राचं नाव सांगायचं, बाकी प्रोग्रॅम शोधून घेईल. पुढे बेल लॅब्जमध्ये मार्क हॉर्टनने याची सुधारलेली आवृत्ती टर्मइन्फो लिहिली आणि ती आज प्रत्येक लिनक्स आणि मॅकमध्ये आहे. पंधरा वर्षांपूर्वीची विमआरसी उद्याच्या लॅपटॉपवर चालते याचं बीज इथे आहे : यंत्राची माहिती प्रोग्रॅमच्या बाहेर, आणि माणसाच्या सवयी दोघांच्याही बाहेर.

या सवयींच्या फाईलींना शेवटी 'आरसी' का, तर साठच्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएसवर 'रनकॉम' नावाची सोय होती, तिचं हे शेपूट. आणि सुरुवातीला टिंब का? याची गोष्ट युनिक्सवाल्या रॉब पाईकने २०१२ साली सांगितली होती. प्रत्येक डिरेक्टरीत एक टिंब आणि दोन टिंबं अशा दोन नोंदी असतात. 'एलएस' ने त्या दाखवू नयेत म्हणून कुणीतरी सोपी अट लिहिली : नाव टिंबाने सुरू होत असेल तर सोडून दे. झालं! टिंबाने सुरू होणारी कुठलीही फाईल अदृश्य झाली आणि लोकांनी तीच युक्ती म्हणून वापरायला घेतली. ज्याला आपण आज अभिमानाने डॉटफाईल्स म्हणतो, तो मुळात आळसातून झालेला बग आहे.

असो. टर्मकॅपमध्ये शेकडो यंत्रांची नावं जमली, पण जिंकलं एकच. व्हीटी१०० ने एस्केप चिन्हापासून सुरू होणारे हुकूम, त्या काळात तयार होत असलेल्या अन्सी प्रमाणानुसार घेतले. यंत्र खूप खपलं, आणि मग बाकीच्या कंपन्यांना वेगळेपणा परवडेना. १९८४ साली एमआयटीत एक्स विंडोचं काम चालू होतं, तिथे मार्क व्हँडेव्होर्डने एक्सटर्म लिहिलं तेही याच घराण्याची नक्कल म्हणून. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सने जे लिहायला घेतलं तेही आधी टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्रॅमच होतं, विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला घरून जोडण्यासाठी. त्याचं पुढे लिनक्स झालं. डीईसी कंपनी १९९८ साली कॉम्पॅकने गिळली, कॉम्पॅकला २००२ साली एचपीने. मूळ माणूस गेला, बहुरूपी तेवढे उरले.

मॅकला हे सोंग आयतं मिळालं. २००१ चं मॅक ओएस टेन आतून युनिक्सच होतं. ॲपलने चिमटा काढला तो वेगळीकडे : बॅशचं लायसन्स जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीवर गेल्यावर त्यांनी ३.२ आवृत्तीवरच मुक्काम ठोकला, आणि २०१९ च्या कॅटलिनापासून नव्या खात्यांना झेडशेल दिलं. लिनक्सवर लिहिलेली बॅश स्क्रिप्ट मॅकवर अडखळते त्याचं हे एक कारण. दुसरं कारण 'सेड', ज्याचं जागच्या जागी बदल करायचं ऑप्शन दोन्हीकडे वेगळं वागतं.

विंडोज मात्र वेगळ्या जातीचं. तिथल्या कन्सोलमध्ये प्रोग्रॅम एस्केपचे हुकूम पाठवत नसत. ते ऑपरेटिंग सिस्टिमची फंक्शनं बोलावून पडद्याच्या चौकोनांत थेट अक्षरं ठेवत. म्हणजे पलीकडे कुणी टर्मिनल आहे ही कल्पनाच नाही, मग सोंग घेणार कोण? १९९५ साली सुरू झालेल्या सिगविनने त्यातूनही वाट काढली. आणि १९९९ पासून सायमन टॅथमचं पुटी आलं. दोन हजारच्या दशकात हिंजवडीत किंवा ऐरोलीत ज्यांनी नोकरी केली त्यांना पुटीची ती काळी खिडकी वेगळी सांगायला नको. टेबलावर विंडोज, आणि खिडकीत कुठल्यातरी परदेशी क्लायंटचं सोलारिस. इवलीशी एक्झी फाईल, इन्स्टॉलची परवानगी लागत नाही, आणि विंडोज बिचारं नकळत व्हीटी१०० झालेलं.

मायक्रोसॉफ्टने हार मानायला २०१६ साल उजाडलं. विंडोज १० च्या कन्सोलला एस्केपचे हुकूम कळू लागले आणि त्या वर्षी विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय, डब्ल्यूएसएल, आली. २०१८ साली कॉनपीटीवाय, म्हणजे टर्मिनल आणि प्रोग्रॅम यांच्यामधली युनिक्ससारखी खोटी तार. २०१९ साली विंडोज टर्मिनल जाहीर झालं. अडतीस-चाळीस वर्षांनी तिन्ही घरं एका यंत्राच्या नकलेवर एकत्र आली. ही कुठल्या समितीची करामत नाही. कोट्यवधी ओळींचा कोड त्या हुकुमांवर बसलेला होता आणि तो कुणीच पुन्हा लिहिणार नव्हतं, एवढंच.

नकलेने नवी गोष्टही शिकता येते बरं का. दूरच्या सर्व्हरवर विममध्ये कॉपी केलेला मजकूर माझ्या लॅपटॉपच्या क्लिपबोर्डवर कसा यावा? मॅकवर 'पीबीकॉपी', लिनक्सवर 'एक्सक्लिप', विंडोजवर 'क्लिप', तिघांची तीन तोंडं, आणि सर्व्हरवर यातलं एकही नसतं. एक्सटर्मने यासाठी ५२ नंबरचा एक हुकूम काढला होता : मजकूर टर्मिनललाच पाठवायचा, तो तुमच्यासमोरच्या मशीनच्या क्लिपबोर्डवर ठेवतो. इतरांनी तो उचलला. माझ्या मांडणीतल्या तीन अटी गेल्या, एक ओळ राहिली. (काही टर्मिनलं सुरक्षेसाठी तो बंद ठेवतात, सेटिंग तपासा.)

आता किंमत. व्हीटी१०० चा पडदा म्हणजे चौकटीची वही : एका चौकोनात एक अक्षर. इंग्रजीला ते बरोबर बसतं. चिनी-जपानी अक्षरांना दोन चौकोन देऊन भागवतात. आपलं काय? 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर, पण युनिकोडमध्ये सहा चिन्हं : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. 'किती' मधली पहिली वेलांटी साठवली जाते 'क' नंतर आणि दिसते आधी. टर्मिनल रुंदी मोजतं ती बहुधा सुट्या चिन्हांची, शून्य, एक किंवा दोन चौकोन. केंब्रिजच्या मार्कुस कुनने लिहिलेलं असं फंक्शन जगभर उतरवून घेतलं गेलं. एडिटर म्हणतो शब्द इतक्या चौकोनांचा, टर्मिनल म्हणतं तितक्या, आणि दोघांचं जमलं नाही की कर्सर भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो.

यावर आपल्याकडे पूर्वी उत्तर होतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं काम पुण्याच्या सीडॅकने पुढे नेलं. पीसीत बसवायचं एक कार्ड, जे डॉसच्या मजकुरी प्रोग्रॅमना पत्ता न लागू देता पडद्यावर देवनागरी उमटवायचं. प्रोग्रॅम बिचारा समजायचा आपण तेच जुने बाइट लिहितोय. म्हणजे हेही सोंगच, पण आपल्या लिपीच्या बाजूने घेतलेलं. १९९१ चं इस्की प्रमाण याच कामाच्या अंगाने आलं. पुढे खिडक्या आणि युनिकोड आले, ब्राउझरमध्ये मराठी सुरेख दिसू लागली आणि चौकटीच्या वहीकडे कुणी परत पाहिलं नाही.

आता थोडी हालचाल आहे. कॅलिबर लिहिणाऱ्या कोविद गोयल यांचं किटी हे टर्मिनल व्हीटीच्या मर्यादांवर नवे हुकूम सुचवतं, आणि त्यांची कीबोर्डची पद्धत इतरांनीही घेतली आहे. विंडोज टर्मिनलने २०२४ मध्ये सुट्या चिन्हांऐवजी पूर्ण अक्षर एकत्र मोजायला सुरुवात केली. माझ्या डॉटफाईल्समध्ये यासाठी चार शब्दांची एक फाईल आहे : किती, स्त्री, क्षत्रिय, पुण्यातल्या. नवं टर्मिनल घेतलं की आधी ती छापून बघायची, मग विममध्ये उघडून 'पुण्यातल्या' मधला 'त' खोडून पुन्हा घालायचा. नुसतं दिसणं बऱ्याच जणांना जमतं. खरी तारांबळ उडते ती 'त' खोडताना. तुमच्याकडे कुठलं टर्मिनल यात पास होतं ते जरूर कळवा, आवृत्तीच्या आकड्यासकट.