चिंचोके आणि शिंपले

सोलापुरात आमच्या शेजारच्या काकू घरीच पाळणाघर चालवतात. चिंचोके मोजणं, रंगीत सुताची चित्रं, चिंध्यांच्या बाहुल्या... काही पालक विचारतात, "किट नाही का आणत?" त्यांना मी बोर्डीची गोष्ट सांगतो.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन त्या समुद्रकाठच्या गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसोरीची साधनं महाग, खेड्याला न परवडणारी. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली! मुलं शाळेत येईनात, तर शाळाच वस्तीतल्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. १९७५ च्या सरकारी योजनेतही हेच नाव आलं.

मला विचाराल तर मोजणी आणि बोटांची पकड चिंचोक्यांनीही तेवढीच येते. फक्त अगदी लहानग्यांच्या हाती देऊ नका, तोंडात घालतात.