कवितेतला गांधी आणि खटल्यातला गांधी

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९८३ साली अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने पोस्टरच्या रूपात काढली. अकरा वर्षांनी बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या बुलेटिनात ती पुन्हा छापली गेली आणि तिथून पोलीस ठाणे, दंडाधिकारी, उच्च न्यायालय असा प्रवास करीत १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात पोहोचली. मराठी कवितेच्या वाट्याला इतका दीर्घ न्यायालयीन प्रवास क्वचितच आला असेल. हा धागा त्या कवितेच्या अर्थाविषयी आहे, कारण सारा वाद अखेर अर्थाचाच होता.

प्रथम काळ ध्यानात घ्यावा. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट वाटप आणि देणग्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्री अंतुले यांना पद सोडावे लागले. त्याच महिन्याच्या १८ तारखेला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ प्रदर्शित झाला आणि १९८३ च्या एप्रिलमध्ये त्याला आठ ऑस्कर मिळाले. म्हणजे पडद्यावरच्या गांधींना जग उभे राहून टाळ्या देत होते, आणि गिरणगावात चुली विझत होत्या. कविता या वर्षाची आहे, हे विसरून ती वाचता येत नाही.

आता कवितेची रचना. तिचे शीर्षक हेच तिचे पालुपद आहे. गांधी पुन्हा पुन्हा भेटतो, मात्र प्रत्येक वेळी भेटीचे ठिकाण बदलते. धर्माची स्थाने, विचारसरण्या, पक्ष, प्रतिष्ठेच्या जागा आणि बदनाम वस्त्या अशा सगळीकडे कवीला गांधीच सापडतो, आणि जिथे सापडतो तिथलीच भाषा तो बोलतो. ही भाषा कित्येक ठिकाणी शिवराळ आहे. खटला उभा राहिला तो याच गोष्टीवर.

कवितेतला हा ‘गांधी’ कोण? पोरबंदरला जन्मलेले मोहनदास नव्हेत, असे माझे वाचन आहे. हा सरकारी कचेरीच्या भिंतीवर टांगलेला गांधी आहे. ज्याच्या तसबिरीखाली टेबलाखालचे व्यवहार होतात, ज्याची टोपी निवडणुकीच्या हंगामात कपाटातून निघते. कवीने त्या माणसाला भ्रष्ट केलेले नाही. ज्यांनी त्याचे नाव आपल्या तोंडी घेतले, त्यांचे तोंड त्याने त्या नावाला लावून दाखवले. उपरोधाची ही जुनी रीत आहे. देव्हाऱ्यातली मूर्ती पुजाऱ्यासारखी बोलू लागली, तर ऐकणाऱ्याने मूर्तीवर रागवायचे की पुजाऱ्यावर, एवढाच प्रश्न ती वाचकापुढे ठेवते. (नोटांवरच्या गांधींशी या कवितेचा संबंध जोडणारे तरुण वाचक भेटतात. सर्व नोटांवर गांधींचे चित्र आणणारी मालिका १९९६ ची आहे, कविता तिच्या आधीची.)

ही रीत मराठीला नवी नव्हती. १९७२ च्या डिसेंबरात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले तेव्हाही नाना फडणविसांची बदनामी झाली म्हणून मोठा गहजब झाला. तेंडुलकर हे नाटक ऐतिहासिक नसल्याचे सांगत राहिले. पेशवाई हे निमित्त होते, विषय होता सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम कसे घडवते हा. तरीही नानांच्या वतीने रागावणारे बरेच निघाले. आपल्या काळातल्या नानांवर रागावणारे थोडे.

१९९४ च्या जुलै-ऑगस्टच्या अंकात देवीदास तुळजापूरकर यांनी ही कविता बुलेटिनात छापली. तो अंक सभासदांपुरता होता, स्टॉलवर विकायचा नव्हता. रोखे घोटाळ्याने बँकांची अब्रू चव्हाट्यावर येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि मुंबईत गो. रा. खैरनार राज्याच्या नेतृत्वावर जाहीर आरोप करीत होते. अशा दिवसांत बँक कर्मचाऱ्यांच्या अंकाला ही कविता जुनी वाटली नसावी, असा माझा तर्क आहे.

पतित पावन संघटनेच्या एका पुणेकर सदस्याने पोलिसांकडे तक्रार केली. ती लातूरला वर्ग झाली आणि गुन्हा नोंदला गेला तो गांधी चौक पोलीस ठाण्यात! कवीला हे सुचले असते तर अतिशयोक्ती वाटली असती. आधी भारतीय दंडविधानाची १५३-अ आणि १५३-ब ही कलमे लागली, म्हणजे समाजात तेढ निर्माण करणे आणि राष्ट्रीय ऐक्याला बाधा आणणे. पुढे आरोपपत्रात अश्लीलतेचे कलम २९२ आले. प्रकाशक, मुद्रक आणि कवी असे तिघे आरोपी झाले. २००१ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी पहिली दोन कलमे वगळली, अश्लीलतेचे मात्र ठेवले.

इथे वाचनाचा प्रश्न कायद्याच्या भाषेत येतो. अश्लील म्हणजे काय? कामवासना चाळवणारे, वाचणाऱ्याला बिघडवणारे. गुर्जरांच्या कवितेतले शब्द कोणाची वासना चाळवतील असे म्हणणे कठीण आहे. ते किळस आणतात, आणि आणावी म्हणूनच योजलेले आहेत. ग्राम्य लिखाण म्हणजे अश्लील लिखाण नव्हे, हा भेद सर्वोच्च न्यायालयानेच १९८५ मध्ये समरेश बसू यांच्या ‘प्रजापति’ या बंगाली कादंबरीच्या खटल्यात स्पष्ट केला होता. त्याही आधी, १९६९ मध्ये, चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकातील कथेवरील खटल्यात लेखक सुटले होते आणि कलाकृती समग्र वाचावी हे तत्त्व अधोरेखित झाले होते. मराठी वाचकाने हा काकोडकर खटला अवश्य माहीत करून घ्यावा.

२०१५ च्या निकालात न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि प्रफुल्ल पंत यांनी कवीच्या कल्पनास्वातंत्र्याला भरपूर जागा दिली. विचारांवर बंधन नाही, थोर पुरुषांवर टीकाही करता येते, हे त्यांनी मानले. पण इतिहासात आदर मिळालेल्या व्यक्तीच्या तोंडी शिवराळ भाषा घातली, तर समकालीन समाजाच्या निकषाची कसोटी अधिक काटेकोरपणे लागते, अशी त्यांची भूमिका होती. प्रकाशकाने पुढच्या एका अंकात बिनशर्त माफी मागितली होती, म्हणून त्याला मुक्त करण्यात आले. कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगण्यात आले.

मला हा निकाल पटत नाही. शब्द अश्लील आहेत की नाहीत हे बोलणारा कोण आहे यावरून ठरू लागले, तर कसोटी कवितेची राहत नाही, नावाची होते. आणि नावामागे लपणाऱ्यांना उघडे पाडणे हाच तर या कवितेचा उद्योग होता. दुसरी बाजूही खोटी नाही. ज्या पिढीने गांधींना पाहिले, सूत कातले, तुरुंग भोगला, तिच्या कानाला या ओळी झोंबणारच. ते दुःख दिखाऊ म्हणता येणार नाही. मात्र त्यावर उत्तर लिहिता आले असते, प्रतिकविता लिहिता आली असती. फिर्याद ही वाचनाची सर्वांत आळशी पद्धत आहे.

निकालानंतर पाचच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, नयनतारा सहगल यांनी साहित्य अकादमी पुरस्कार परत केला. आणीबाणीत त्यांनी आपल्या मामेबहिणीच्या, म्हणजे इंदिरा गांधींच्या, सत्तेला विरोध केला होता, तेव्हा हा स्वभाव जुनाच. याच सहगल यांना जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन करण्यासाठी बोलावले गेले आणि काही दिवस आधी निमंत्रण मागे घेतले गेले. इंग्रजी लेखिका मराठी संमेलनात कशाला, असा स्थानिक विरोध आणि संमेलन उधळण्याची धमकी हे कारण पुढे आले. लातूरला छापलेल्या मजकुरावर कारवाई झाली होती. यवतमाळात मजकूर उच्चारला जाण्यापूर्वीच गैरसोयीचा ठरला. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला, अनेक साहित्यिक आले नाहीत, संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच नाराजी नोंदवली.

उद्घाटन केले ते याच जिल्ह्यातील वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. सहगल यांचे न झालेले भाषण तोवर वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचले होते, आणि मंडपात काही स्त्रिया सहगल यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून बसल्या होत्या.