बर्फावर टाकून दिलेली मासळी

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन ही राज्ये आणि कॅनडातील मॅनिटोबा व ऑन्टारिओ हे प्रांत ज्या सरोवरांच्या प्रदेशात वसले आहेत, तेथे डिसेंबरपासून मार्चपर्यंत पाणी गोठून त्यावर माणसांचा, आणि पुढे थंडी वाढली की मोटारींचाही भार पेलणारा बर्फाचा थर तयार होतो. या थराला गिरमिटाने वीतभर रुंदीचे भोक पाडून, त्यातून गळ सोडून मासे धरण्याच्या पद्धतीला बर्फावरची मासेमारी म्हणतात. गळ टाकणारा माणूस बहुधा वॉलाय किंवा पर्च या चवदार माशांच्या आशेने बसलेला असतो. परंतु गळाला निवड करता येत नाही, आणि त्यामुळे हव्या असलेल्या माशांबरोबर नको असलेले मासेही वर येतात. या दुसऱ्या प्रकारच्या माशांचे काय करावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला, तरी त्याच्या उत्तरांना दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास पाहिल्याशिवाय त्या उत्तरांतील अन्यायही नीट दिसत नाही.

नकोशा माशांमध्ये सर्वांत बदनाम झालेला मासा म्हणजे बर्बॉट. कॉड माशांच्या गणातील जवळजवळ सर्व जाती समुद्रात राहतात. संपूर्ण आयुष्य गोड्या पाण्यात काढणारी त्यांतील ही एकमेव जाती. अंगाने लांबट, तपकिरी-पिवळ्या ठिपक्यांची, बारीक खवल्यांमुळे हाताला बुळबुळीत लागणारी आणि हनुवटीखाली एकच मिशी असलेली ही मासळी भोकातून वर काढली की शेपटीकडचा भाग धरणाऱ्याच्या मनगटाभोवती गुंडाळते, आणि या सवयीमुळेच अनेकांना तिची किळस वाटत आली आहे. तिचा विणीचा हंगाम ऐन हिवाळ्यात असतो. पाणी शून्य अंशाच्या आसपास असताना, रात्रीच्या वेळी, बर्फाच्या छताखाली अनेक मासे एकमेकांभोवती वळवळत एकत्र येतात आणि एकेक मादी लाखो अंडी सोडते. म्हणजे ती गळाला सर्वाधिक सापडते तो काळच तिच्या वंशवृद्धीचा असतो. मिनेसोटात तिला ईलपाउट म्हणतात, आणि तेथे पिढ्यान् पिढ्या रूढ असलेला प्रघात असा, की ईलपाउट गळाला लागली की गळ सोडवून तिला भोकाशेजारी बर्फावर भिरकावून द्यायचे. उणे वीस अंशांच्या वाऱ्यात तिचे ओले कल्ले आणि डोळे प्रथम गोठतात, शरीर त्यानंतर, आणि एवढ्या अवधीत ती जिवंत असते. वसंतात बर्फ वितळेपर्यंत कावळे, गरुड आणि कोल्हे तिच्यावर पोसले जातात. याच कारणास्तव ‘वाया काहीच जात नाही’ असे समर्थन करणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. हे समर्थन लंगडे आहे, कारण गरुडांच्या किंवा कोल्ह्यांच्या पोटाची चिंता वाहून कोणी वॉलाय बर्फावर सोडून दिल्याचे दिसत नाही.

एखादा मासा नकोसा ठरतो तो त्याच्या अंगच्या गुणांमुळे क्वचितच. बाजार, वाहतूक आणि सवय ही त्यामागची खरी कारणे असतात. याचा सर्वांत ठळक पुरावा याच सरोवरांतील स्टर्जन या माशाच्या बाबतीत मिळतो. पाठीवर हाडांच्या ढाली असलेला, शंभर वर्षांहून अधिक जगू शकणारा आणि माणसाएवढी लांबी गाठणारा हा मासा अनिशिनाबे, मेनॉमिनी इत्यादी मूळ रहिवासी समाजांच्या अन्नाचा आणि विधींचा आधार होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पंचमहासरोवरांवर आलेल्या गोऱ्या कोळ्यांना मात्र व्हाइटफिश आणि ट्राउट हवे होते, आणि स्टर्जन त्यांची नाजूक जाळी फाडत असे. म्हणून जाळ्यात आलेले स्टर्जन मारून किनाऱ्यावर ढिगांनी टाकले जात, शेतात खत म्हणून पुरले जात, आणि त्यांचे तेलकट शरीर वाळवून आगबोटींच्या भट्टीत सरपणासारखे जाळले जाई. पुढे, १८६०च्या दशकात, ईरी सरोवराकाठच्या सँडस्की गावी स्टर्जनचे मांस धुरवण्याचा आणि त्याच्या गाभोळीपासून कॅव्हिआर बनवण्याचा धंदा जम धरू लागला, आणि कालचा कचरा आज सोन्याच्या मोलाचा ठरला. परंतु हे मोल कळल्याने माशाचे रक्षण झाले नाही. मादी वयात यायला वीस-पंचवीस वर्षे लागतात आणि त्यानंतरही ती दर वर्षी अंडी घालत नाही, त्यामुळे आधी तिरस्काराने आणि मग हव्यासाने झालेल्या संहारातून ही जाती सावरू शकली नाही, आणि शतक संपता संपता बहुतेक सरोवरांतून ती जवळजवळ नाहीशी झाली.

विस्कॉन्सिनने १९१५ मध्ये स्टर्जनच्या मासेमारीवर बंदी घातली आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी विनेबॅगो सरोवरावर, हिवाळ्यात बर्फाला मोठे चौकोनी भोक पाडून, अंधाऱ्या खोपटात बसून भाल्याने स्टर्जन मारण्याची मर्यादित मुभा दिली. आज तेथे फेब्रुवारीत भरणाऱ्या या हंगामात मारलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी सरकारी नोंदणी केंद्रावर नेऊन तोलावा आणि मोजावा लागतो, आणि ठरलेली संख्या भरली की हंगाम मुदतीआधीच बंद होतो. ज्या मेनॉमिनी लोकांच्या वाट्याचा स्टर्जन वुल्फ नदीवरील धरणांनी अडवला होता, त्यांच्याकडे तो १९९०च्या दशकात पुन्हा पाठवला जाऊ लागला, आणि त्यांचा वसंतातील स्टर्जनोत्सव पुन्हा सुरू झाला. ज्याला एकदा जळण मानले, त्याच माशाची पुढे एकेक करून मोजदाद व्हावी, या उलथापालथीत माशाची जात बदललेली नव्हती.

स्टर्जनचा काळ सरत असताना दुसऱ्या बाजूने एक परकी मासळी या पाण्यात शिरत होती. अमेरिकी सरकारच्या मत्स्य आयोगाने, स्पेन्सर बेअर्ड या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली, १८७७ मध्ये जर्मनीहून कार्प आणून बाल्टिमोरच्या एका उद्यानातील तळ्यांत सोडले, आणि पुढे रेल्वेच्या डब्यांतून त्यांची पिल्ले देशभर वाटली. गरिबांच्या ताटात स्वस्त मांस पडावे हा हेतू होता. काही दशकांतच कार्पने तळ उकरून पाणी गढूळ केले, पाणवनस्पती उखडल्या, आणि सरकारी खात्यांना आपणच आणलेल्या माशाच्या निर्मूलनावर पैसा खर्चावा लागला. हिवाळ्यात कार्प मोठ्या थव्यांनी एका जागी गोळा होतात, याचा फायदा घेऊन बर्फाखाली लांब जाळी ओढून ते काढण्याचे काम आजही चालते. परंतु कार्पविषयीच्या या रागाची झळ इतरांना लागली. कायद्याच्या आणि खात्यांच्या भाषेत ‘रफ फिश’ नावाचा एक वर्ग रूढ झाला, ज्यात खेळ म्हणून धरण्याच्या योग्यतेचे न मानलेले सगळे मासे कोंबले गेले: परका कार्प, आणि त्याच्याच रांगेत हजारो वर्षांपासून तेथे नांदणारे बफेलो, सकर, बोफिन, गार आणि बर्बॉट. बऱ्याच राज्यांत या वर्गाला रोजच्या पकडीची मर्यादा नव्हती. मर्यादा नसणे याचा अर्थ लोकांनी स्वाभाविकपणे ‘किंमत नसणे’ असा घेतला, आणि बर्फावर ईलपाउट भिरकावणाऱ्याला आपण सरोवराची साफसफाई करत आहोत, असे वाटण्याची सोय झाली.

हे सारे चालू असतानाच मिनेसोटाच्या अगदी उत्तर टोकाला, लेक ऑफ द वुड्स या सरोवराकाठच्या बॉडेट गावी, याच माशाची दुसरी किंमत लक्षात आली होती. तेथील रोवेल कुटुंबात बाप व्यावसायिक कोळी आणि मुलगा औषधविक्रेता होता. जाळ्यात येणारे बर्बॉट कोल्हेपालनातील कोल्ह्यांना खाऊ घातल्यावर त्यांची फर चकाकदार होते, हे दिसल्यावरून माशाच्या यकृताकडे लक्ष गेले. बर्बॉटचे यकृत त्याच्या देहाच्या मानाने फारच मोठे असते, आणि त्याच्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्वांचे प्रमाण कॉडच्या तेलापेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याचे आढळले. १९३०च्या दशकात या तेलाच्या आधारावर बॉडेटमध्ये जो उद्योग उभा राहिला, त्यातूनच पुढे औषधनिर्मितीचा कारखाना वाढला आणि त्या लहानशा गावाला कायमचा रोजगार मिळाला. राज्याच्या इतर सरोवरांवर मात्र ईलपाउट बर्फावर गोठतच राहिली, कारण ज्ञान उपलब्ध असले तरी ते एका गावच्या धंद्यापुरते राहिले. शेजारच्या सरोवरावरच्या माणसाला त्या माशाचे यकृत विकायला बाजार नव्हता आणि मांस शिजवायची रीत घरात नव्हती.

रीत असती तर काय झाले असते, हे फिनलंडकडे पाहिल्यास कळते. तेथे जानेवारी-फेब्रुवारीत, बर्फाखालून काढलेल्या याच माशाचे बटाटे, दूध आणि मिरीदाणे घालून केलेले कालवण हिवाळ्याचे खास पक्वान्न समजले जाते, त्याची गाभोळी कांदा आणि आंबट सायीसह धिरड्यांवर वाढतात, आणि यकृत टाकून देणे तर कोणाच्या मनातही येत नाही. एकच जाती अटलांटिकच्या एका काठावर मेजवानी आणि दुसऱ्या काठावर उकिरडा, यात माशाचा दोष शोधता येत नाही. मिनेसोटातही १९७०च्या दशकाच्या अखेरीस लीच सरोवराकाठच्या वॉकर गावी ईलपाउटच्या नावाने हिवाळी जत्रा सुरू झाली, जी चार दशके टिकली आणि हजारो माणसे खेचत राहिली. तेथे सर्वांत जड माशाला बक्षीस होते, माशाचे चुंबन घेण्याची प्रथा होती, तळलेले तुकडेही मिळत. जत्रेने माशाचे नाव घराघरांत पोचवले हे खरे, पण ती कीर्ती कुरूपतेच्या थट्टेवर उभी होती, आणि थट्टेच्या विषयाला अन्नाचा मान मिळायला वेळ लागतो.

नैतिक प्रश्नाची खरी कसोटी पश्चिमेकडील दोन ठिकाणी लागते. आयडाहोतील कूटनी नदीत बर्बॉट हा तेथील कूटनी जमातीचा हिवाळ्यातील पूर्वापार आहार होता. १९७२ मध्ये वरच्या अंगाला लिबी धरण कार्यरत झाले, हिवाळ्यात नदीत अधिक आणि तुलनेने उबदार पाणी येऊ लागले, विणीला लागणारी थंडी हरवली, आणि १९९२ पर्यंत मासा एवढा घटला की त्याची मासेमारी बंद करावी लागली. जमातीने उबवणी केंद्र उभारून लाखो पिल्ले सोडली, आणि २०१९च्या जानेवारीत मासेमारी पुन्हा खुली झाली. याउलट युटा आणि वायोमिंगच्या सीमेवरील फ्लेमिंग गॉर्ज जलाशयात हाच मासा कोणीतरी बेकायदा आणून सोडला, आणि तेथील इतर माशांवर तो ताव मारू लागल्याने युटाचा नियम असा झाला, की सापडलेला बर्बॉट जिवंत सोडायचाच नाही. एकीकडे एकेक पिल्लू वाढवणे आणि दुसरीकडे प्रत्येक मासा मारणे, या दोन्ही गोष्टी योग्य असू शकतात. मात्र मारणे आणि वाया घालवणे एक नव्हे. फ्लेमिंग गॉर्जवर पकडलेला बर्बॉट झटकन मारून घरी नेऊन शिजवता येतो आणि तो पांढऱ्या, घट्ट मांसाचा मासा आहे; त्याला बर्फावर तडफडत ठेवण्याचा अधिकार त्या नियमाने कोणालाही दिलेला नाही.

गेल्या काही वर्षांत या जुन्या वर्गवारीचा पाया शास्त्रज्ञांनीच खिळखिळा केला. कानातील चुनखडीच्या खड्यावरची वर्तुळे मोजून बिगमाउथ बफेलो हा मासा ११२ वर्षे जगल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याला कचरा म्हणत होते तो पकडणाऱ्याच्या आजोबाहून वयस्कर निघाला. २०२१ मध्ये अँड्र्यू रायपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मत्स्यशास्त्राच्या एका नियतकालिकात ‘रफ फिश’ ही संज्ञाच सोडून द्यावी, अशी मांडणी केली. मिनेसोटाच्या विधिमंडळाने २०२४ मध्ये स्थानिक मासे आणि परके आक्रमक मासे यांना कायद्यात वेगळे केले. हा बदल उशिरा झाला, तरी तो मूलभूत आहे, कारण बर्फावर जे घडत आले त्याला संमती त्या एकत्र वर्गीकरणानेच दिली होती.

तरीही कायद्याने न सुटणारी एक अडचण उरते. बर्बॉट बहुधा खोल पाण्यातून वर येतो, आणि त्याच्या पोटातील हवेची पिशवी बंद असल्याने, वर येताना दाब झपाट्याने कमी झाला की ती फुगून आतील अवयवांना इजा करते. अशा माशाला भोकातून परत सोडले तरी तो अनेकदा खाली जाऊ शकत नाही आणि बर्फाच्या तळाला चिकटून मरतो. ‘सोडून दिला’ हे उत्तर अशा वेळी डोळ्यांआड झालेली नासाडी ठरते. म्हणून खोल पाण्यावर गळ टाकणाऱ्याने निर्णय मासा वर येण्यापूर्वीच घ्यायला हवा: येईल ती मासळी खायची तयारी आहे की नाही, आणि नसेल तर भोक उथळ पाण्यावर पाडायचे की त्या दिवसाची मासेमारी तिथेच थांबवायची.