सेनिओ नदीची लढाई

उत्तर इटलीतील सेनिओ नदीच्या दोन्ही काठांवर मातीचे उंच बांध आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांतच मोर्चे खोदले होते. ९ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश आठव्या सेनेची अखेरची चढाई येथून सुरू झाली. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतले शिपाई नामदेव जाधव (तेव्हाचा अहमदनगर जिल्हा) यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगपट्ट्यातून सुखरूप नेले आणि परत फिरून मशीनगनच्या तीन चौक्या मोडल्या. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून त्यांनी हातबॉम्ब वापरले. मग बांधावर चढून युद्धगर्जना देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. स्टालिनग्राड आणि नॉर्मंडीच्या लढायांपुढे इटलीची ही आघाडी उगाच झाकोळली जाते. इटलीतील जर्मन शरणागती २ मे रोजी अमलात आली.