दुभती गाय : वाक्यात उपयोग करा

आठवीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवत होतो. उर्दू माध्यमाची मुलं, घरात दखनी, रस्त्यावर मराठी. फळ्यावर लिहिलं : 'दुभती गाय असणे – हमखास उत्पन्न देणारे साधन असणे. वाक्यात उपयोग करा.' पहिल्या बाकावरच्या मुलीने लगेच हात वर केला. "सर, अब्बांची रिक्षा म्हणजे आमच्या घरची दुभती गाय आहे." मागून एकजण म्हणाला, "सर, लेकिन रिक्षाला रोज गॅस टाकावा लागतो." वर्ग हसला. मीही हसलो, पण ते वाक्य घरापर्यंत माझ्याबरोबर आलं.

एक कबूल करतो. 'गाय' हा शब्द फळ्यावर लिहिताना हल्ली माझा हात क्षणभर थांबतो. आमच्या मुलांच्या कानावर तो बातम्यांतूनच जास्त पडतो, आणि बातमी बहुधा चांगली नसते. म्हणूनच मी हा वाक्प्रचार गाळत नाही. माझ्या दादीच्या तोंडी तो होताच. घरातला कमावता माणूस चिडला की ती म्हणायची, "दूध देती गाय की लात बी खानी पडती." शेजारच्या मावशी तेच मराठीत म्हणायच्या, "दुभत्या गाईच्या लाथा गोड." दोन्ही घरांची म्हण एकच होती.

इंग्रजीतला 'कॅश काऊ' हा व्यापारातला शब्द लोकप्रिय झाला तो १९७० च्या सुमारास, बोस्टनच्या एका सल्लागार कंपनीमुळे. जो धंदा आता फारसा वाढणार नाही, पण बाजारात ज्याचा जम बसलेला आहे, त्यात नवीन पैसा फारसा घालायचा नाही. त्यातून येणारा पैसा काढायचा आणि दुसऱ्या धंद्यात लावायचा. व्यवस्थापनाच्या पुस्तकात हे ठीक दिसतं. गोठ्यात उभं राहिलेल्या माणसाला मात्र ते पटणार नाही, कारण दूध काढायचं तर चारा, पेंड, पाणी रोज लागतं. मागच्या बाकावरच्या मुलाने नेमकं तेच सांगितलं होतं.

आमच्या नगरचा (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर आहे, पण बसस्टँडवर अजून सगळे 'नगर'च म्हणतात) इतिहास या एका वाक्प्रचाराने बराच उलगडतो. राज्यकर्त्यांची दुभती गाय म्हणजे रयत. धार कशी काढायची, एवढ्यावरच फरक पडत आला.

एक रीत इजाऱ्याची, म्हणजे मक्त्याची. एखादा परगणा ठरावीक रकमेला मक्तेदाराच्या हवाली करायचा. त्याने सरकारात रक्कम भरायची आणि मग रयतेकडून जमेल तेवढं काढायचं. पुढच्या वर्षी मक्ता आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नाही, मग गाय जगते की मरते याची काळजी तो कशाला करील?

ही रीत बंद केली मलिक अंबरने. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस. १६०० मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतल्यावर बुडालेली निझामशाही त्याने पंचवीस वर्षं उभी धरली. मुलांना त्याचा गनिमी कावा ठाऊक असतो आणि १६२४ ची भातवडीची लढाई ठाऊक असते, जी आपल्या नगरपासून हाकेच्या अंतरावर झाली आणि जिच्यात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. पण त्याचं मोठं काम मला महसुलाचं वाटतं. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात ते नोंदवलं आहे : मक्ते बंद केले, मोडकळीला आलेली गावगाड्याची व्यवस्था पुन्हा उभी केली आणि प्रत्यक्ष पिकाचा माफक वाटा सारा म्हणून घेतला. काही हंगामांचा अनुभव आल्यावर त्या वाट्याऐवजी रोख रक्कम ठरू लागली, तीसुद्धा दरवर्षीची लागवड बघून. पीक कमी तर सारा कमी. ही 'मलिकंबरी' पुढच्या राजवटींनाही मार्गदर्शक ठरली. ग्रँट डफचं पुस्तक निघालं १८२६ मध्ये, मलिक अंबरच्या मृत्यूला बरोबर दोनशे वर्षं झाली तेव्हा. एका इंग्रज अधिकाऱ्याला दोनशे वर्षांनंतरही लिहावीशी वाटलेली ही गोष्ट आमच्या मुलांना परीक्षेत कुणी विचारत नाही, ते सोडा.

मक्ता मात्र मेला नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तो परत आला. १८१८ नंतर इंग्रज आले. त्यांनी जमीन मोजली, दर ठरवले. पण सारा रोख आणि ठरलेल्या तारखेला भरायचा, पाऊस पडो न पडो. त्यामुळे शेतकरी सावकाराच्या दारात गेला. आता एका गाईला दोन धारा काढणारे झाले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात रयतेने सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि ते लोण आपल्या श्रीगोंदा-पारनेरकडे आलं. रयतेने माणसांना फारसा हात लावला नाही, तिचा राग कागदांवर होता.

मग आला प्रवरा कारखाना. १९५० मध्ये लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यामागचा विचार साधा होता : गायही शेतकऱ्याची आणि दूधही त्याचंच. पुढे वर्तमानपत्रांनी कारखान्यांनाच 'राजकारण्यांची दुभती गाय' म्हणायला सुरुवात केली. ज्यांनी बांधली त्यांच्याच दावणीला ती राहिली का, हे गावोगावचे सभासद मला जास्त चांगलं सांगतील.

आणि १ जून २०१७. आपल्या जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. टेम्पोतलं दूध रस्त्यावर ओतलं गेलं. ती दृश्यं बघून पुष्कळजण हळहळले, "एवढं दूध वाया." मला दादी आठवली. गाईने लाथ मारली होती, पण ज्यांना रोज सकाळी पिशवी हवी असते त्यांना ती गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या. बहुतेकांनी दुकान, गिरणी, दुबईतले मामू लिहिले होते. रिक्षावाल्या मुलीने आदल्या दिवशीचं वाक्य खोडून नवीन लिहिलं होतं : 'अब्बांची रिक्षा आमची दुभती गाय आहे, पण या महिन्यात ती भाकड आहे, गॅरेजला उभी आहे.' 'भाकड' हा शब्द मी शिकवला नव्हता. तिला विचारलं, कुठून आला? म्हणाली, "नानीच्या गावातून, सर. तिकडे सगळे बोलतात." मी लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि विचारलं, गॅरेजवाला कधी देणार म्हणतो?

"शुक्रवारी," ती म्हणाली.