मूळची जीप कोणती?

परवा दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला होता. मंडईचे दिवस, रात्री गावात नाटक, घरात पाहुण्यांची वर्दळ. पण या पठ्ठ्याचे सगळे लक्ष गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या जुन्या जीपकडे. मोबाइलचा दिवा लावून तो तिच्याखाली शिरला, अर्ध्या तासाने अंगभर धूळ माखून बाहेर आला आणि म्हणाला, "काका, हिच्यात ओरिजिनल असं काय उरलंय?"

पस्तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, मागाहून घुसडलेला मजकूर कसा ओळखावा, हे मुलांना समजावून सांगितले. पण आपल्याच दारातल्या वस्तूबद्दल हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या दिवशी उत्तर देता आले नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

त्याच्या विचारण्याला कारण होते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी एक वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटून गेलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, शुल्क २०,००० रुपये आणि नोंदणी १० वर्षांची. अट एवढीच की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. शिवाय ती रोजच्या कामाला वापरायची नाही. पुतण्याचा बेत असा, की आताचे डिझेल इंजिन उतरवायचे, शोधून जुने पेट्रोल इंजिन बसवायचे, बॉनेट पूर्वीसारखे करायचे, लष्करी हिरवा रंग मारून वर पांढरा तारा काढायचा. म्हणाला, "बाबांची आठवण नीट जपायची आहे." त्याचे बाबा म्हणजे माझे थोरले बंधू, दादा. त्यांना जाऊन आता सहा वर्षे झाली.

आणि अडचण नेमकी इथेच आहे. ते डिझेल इंजिन बसवले कुणी? दादांनीच!

आता थोडे मागे जाऊ. १९४० च्या जुलैत अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना पत्रे पाठवली. चारही चाकांना ताकद मिळणारी, हलकी, कुठेही जाणारी छोटी गाडी हवी होती, आणि नमुना ४९ दिवसांत! बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावून आराखडा केला आणि २३ सप्टेंबरला नमुना हजर केला. पण बँटमची ताकद अपुरी म्हणून लष्कराने तो आराखडा विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनाही दाखवला. शेवटी मोठे कंत्राट विलीजला मिळाले. तिच्या २२०० सीसीच्या इंजिनाची ताकद ६० अश्वशक्ती होती, इतरांपेक्षा जास्त. मात्र एकट्या विलीजला मागणी झेपेना, तेव्हा फोर्डलाही हुबेहूब तीच गाडी बनवायला सांगितले. अट अशी की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या.

म्हणजे जिला आपण 'मूळची' म्हणतो तिचा आराखडा एकीचा, इंजिन दुसरीचे आणि बांधणी तिसरीचीही. फोर्डवाले आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी 'एफ' अक्षर ठोकत. आमच्या जीपवरची पट्टी विलीजची, साल १९४४. पण पुतण्याला खाली एका बोल्टवर 'एफ' सापडला! लष्करातच कुणा कारागिराने फोर्डचा बोल्ट विलीजला लावला, की नंतर गोंदियात लागला, कोण सांगणार?

युद्धाची झळ आपल्या भागालाही लागली होती. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० सालीच केली. युद्ध सरल्यावर ट्रक, जीप, तंबू, बूट असा उरलेला लष्करी माल विक्रीला निघाला आणि 'डिस्पोजल' हा शब्द घराघरात पोचला. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलची कंदील-बत्ती, तशी डिस्पोजलची जीप. स्वतंत्र भारतातले गाजलेले पहिले खरेदी प्रकरणही जीपचेच. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनहून दुरुस्त केलेल्या जुन्या जीप मागवल्या. १५५ आल्या आणि त्याही कामाच्या निघाल्या नाहीत.

त्याच सुमारास मुंबईत जीपच्या दुसऱ्या जन्माची तयारी चालली होती. १९४५ मध्ये महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. १९४९ मध्ये विलीजच्या ७५ गाड्या सुट्या भागांत आल्या आणि माझगावला जोडल्या गेल्या. पुढे जीप इथेच बनू लागली. १९५२ ला सामुदायिक विकास योजना आली, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातल्या माणसाला सरकार दिसले ते जीपमधून उतरताना. बीडीओची जीप, मलेरियावाल्यांची जीप, आरोग्य केंद्राची युनिसेफने दिलेली जीप. धूळ दिसली की आम्ही पोरे रस्त्यावर धावत सुटायचो.

आमची जीप मात्र डिस्पोजलचीच. बाबांनी ती १९५६ मध्ये एका लाकूड ठेकेदाराकडून घेतली. किती रुपयांना, हे त्यांनी आईला शेवटपर्यंत सांगितले नाही! अर्जुनी मोरगावच्या बाजूचा हा मुलूख म्हणजे धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर जायचे, पावसाळ्यात आजारी माणसाला तालुक्याला न्यायचे. बैलगाडी रुतायची तिथून ही निघायची. स्टिअरिंग डावीकडे, पेट्रोलची टाकी चालवणाऱ्याच्या बुडाखाली, बॅटरी सहा व्होल्टची. थंडीत हँडल मारल्याशिवाय ती जागी होत नसे.

तिची निगा घरीच. गोंदियाचे एक मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी दादांना शिकवले आणि दादांच्या हाताखाली मी पाने-पक्कड देणारा. नाला ओलांडला की ब्रेक हलका दाबून थोडे अंतर चालवायचे, म्हणजे ड्रममधले पाणी सुकते. चिखलातून आले की चाकाचे हब उघडून रॉकेलने धुवायचे, नवे ग्रीस भरायचे. गिअरचे ऑइल दुधासारखे पांढरे दिसले तर पाणी शिरले असे समजायचे. डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांची ताकद काढून टाकायची. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात; चिखलात ती घसरून जुळवून घेतात, डांबरावर घसरायला जागा नसते आणि सगळा ताण गिअरवर येतो. हे शहाणपण कुठल्या पुस्तकातून आम्हाला मिळाले नव्हते. चाचा सांगत आणि चुकले की ओरडत.

मग १९७३ चे अरब देशांचे तेलसंकट आले. कच्चे तेल तीन डॉलरवरून काही महिन्यांत बाराच्या आसपास गेले. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीनंतर पुन्हा भडका. पेट्रोलची जीप म्हणजे दारात बांधलेला हत्ती झाला. विकावी असे बाबांनाही वाटू लागले होते. पण दादा आणि चाचा यांनी वेगळेच ठरवले. अपघातात मोडलेल्या एका बी-२७५ ट्रॅक्टरचे इंजिन स्वस्तात मिळत होते. ते जीपमध्ये घालायचे! हे काही वेडेपण नव्हते. त्याच जातीचे, सुमारे २३५० सीसीचे डिझेल इंजिन खुद्द कारखान्यानेही आपल्या जीपमध्ये बसवले होते.

कारखान्यात जे सोपे ते अंगणात अवघड. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची तोंडे जुळेनात, म्हणून दोहोंच्या मध्ये जाड लोखंडी प्लेट गोंदियाच्या लेथवर करून घेतली. तिचे केंद्र केसभर चुकले आणि महिन्याभरात क्लच शाफ्टचे बेअरिंग खलास झाले. प्लेट पुन्हा केली. इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवले. बॅटरी बारा व्होल्टची, सगळे दिवे बदलले. आणि इंजिन उंच! आमची जीप बैठ्या बॉनेटची. कंपनीने १९५३ मध्ये जे नवे मॉडेल काढले, त्यात इंजिनाचे काही व्हॉल्व्ह वर गेल्याने इंजिन उंच झाले होते, म्हणून बॉनेटही उंच. इकडे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक जीप त्याच घाटाच्या. आमच्या अंगणातही कारणामुळे तेच घडले. चाचांनी डांबराच्या पिंपाचा पत्रा कापून बॉनेटच्या कडेला झाळला आणि विलीजची जीप घरच्या घरी 'हाय बॉनेट' झाली.

वेगाचे काय झाले, याचा हिशेब इतिहासाच्या मास्तरालाही जमण्यासारखा आहे. या जीपचे चाक टॉप गिअरमध्ये एकदा फिरायला इंजिनाला ४.८८ वेळा फिरावे लागते. जुने इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेई, म्हणून ताशी शंभरावर जायची ताकद. ट्रॅक्टरचे इंजिन १९०० फेऱ्यांवर थांबते, म्हणून जेमतेम पन्नास. पण पन्नासच्या पुढे जाण्याजोगा रस्ता आमच्याकडे होता कुठे? टायर ६.००-१६ मापाचे, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचेही माप तेच. अडीनडीला दोन्ही एकमेकांच्या उपयोगी पडत. लांब प्रवासाला मात्र चाचा तसे करू देत नसत. हे सगळे बदल तेव्हाच्या १९३९ च्या कायद्याप्रमाणे कळवून आरसी बुकात चढवून घेतले. तो शिक्का आजही आहे.

आता तसे करता येत नाही. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ सन २००० मध्ये बदलले. कारखान्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरबदल करायला मनाई झाली. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. मला यात चूक दिसत नाही. चुकीच्या जागी केलेले वेल्डिंग माणसाचा जीव घेते, आणि प्रत्येक मिस्त्री काही चाचा नसतो. ब्रेक पन्नासच्या वेगाचे आणि इंजिन शंभराचे, असल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. कायदा त्यांच्यासाठी हवाच.

पण विंटेजच्या नियमाने माझ्यापुढे वेगळाच पेच टाकला. नियमाच्या दृष्टीने १९४४ ची जीप म्हणजे इतिहास आणि १९७९ नंतरचे सगळे म्हणजे बिघाड. मिलिंदपञ्हात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. वर्गात ही गोष्ट सांगताना मी कधी आमच्या जीपचा विचार केला नव्हता. अमेरिकेत ती चार वर्षांहून अधिक काळ नव्हती, आमच्याकडे सत्तरीत पोचते आहे. मग तिचा इतिहास कुठला? पांढरा तारा रंगवला तर ती युद्धातली दिसेल खरी, पण तेंदूपत्त्याचा हंगाम, पेट्रोलची महागाई, गोंदियाचे लेथ आणि दादांचे हात, हे सगळे पुसले जाईल. जी आठवण जपायची तीच भंगारात जाईल.

हे मी पुतण्याला एका बैठकीत सांगितले नाही. त्याला वही दिली आणि म्हटले, "तू बघत जा, मी सांगत जातो." दोन दिवस आम्ही एकेक भाग पाहून लिहिला: कोणता कधी बदलला, का बदलला, कुणी बदलला. तिसऱ्या दिवशी तो त्या लोखंडी प्लेटपाशी आला. तिच्या कडेला पंचने ठोकलेले चार ठिपके होते, वर-खाली ओळखण्यासाठी चाचांनी केलेली खूण. "फोर्डचा एफ, तसे हे चाचांचे," तो म्हणाला. जरा थांबून विचारले, "बाबा होते तेव्हा?" मी म्हटले, "हातोडी तुझ्या बाबांच्याच हातात होती."

त्याने बेत सोडला असे नाही. जुने पेट्रोल इंजिन मिळाले तर घेऊन ठेवू म्हणतो. ठेव म्हटले. पण प्लेट आणि ट्रॅक्टरचे इंजिन विकायचे नाही, एवढे कबूल करून घेतले आहे. विंटेजचा अर्ज तूर्त बाजूला. साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांचे शुल्क बरेच वाढले, आणि माझ्या पेन्शनीला ते जाणवते. यंदा मुदत आहे. ब्रेकचे सिलिंडर जाम झाले होते, ते उघडले आहेत. फिटनेसला नेईन, सोबत १९७९ च्या शिक्क्याचे आरसी बुक आणि ही वहीही नेईन. साहेब काय म्हणतात ते पाहू.

चाचा म्हणत, "मास्टरजी, गाडी का ओरिजिनल क्या देखते हो, चालू है कि नहीं ये देखो." तेव्हा हसलो होतो.

असो. तुमच्या घरी असे एखादे शिवणयंत्र, पंप, घड्याळ, सायकल असेल, तर दुरुस्त करणारी माणसे आहेत तोवर तिची वंशावळ लिहून ठेवा. आमच्या वहीत बऱ्याच ओळींपुढे 'कुणी बदलले' हा रकाना कोरा राहिला आहे. तो भरायला आता कुणी नाही.