माघारीचे कर्तव्य : ओहायो राज्यातील स्वसंरक्षण-कायद्याची वाटचाल

स्वसंरक्षणाचा हक्क बहुतेक सर्व कायदेपद्धतींना मान्य आहे. वाद असतो तो त्याच्या मर्यादेविषयी. हल्लेखोराचा प्राण घेण्यापूर्वी, शक्य असल्यास, मनुष्याने मागे हटले पाहिजे काय, आणि स्वसंरक्षणाची शाबिती कोणी करावयाची, हे त्यातील दोन प्रधान प्रश्न होत. अमेरिकेत फौजदारी कायदा मुख्यतः घटक राज्यांच्या हाती असल्याने त्यांची उत्तरे राज्यपरत्वे भिन्न आढळतात. या दृष्टीने ओहायोचा इतिहास विशेष उद्बोधक आहे.

इंग्लिश पारंपरिक कायद्यानुसार अकस्मात उद्भवलेल्या झटापटीत पाठ भिंतीस लागेपर्यंत माघार घेणे आवश्यक असे. अपवाद राहत्या घराचा. घर हा धन्याचा किल्ला, हे तत्त्व १६०४ च्या सेमेन खटल्यात नमूद झाले. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७६ साली अर्विन खटल्यात या परंपरेस छेद दिला. स्वतः निर्दोष असलेल्या ‘खऱ्या पुरुषा’वर प्राणघातक हल्लेखोरापुढून पळण्याचे बंधन नाही, असे त्याने ठरविले. ही शब्दयोजना लक्षणीय आहे. तिच्याद्वारे कायद्याच्या कसोटीत पौरुषाची कल्पना शिरली. तथापि पुढे ओहायोतच घराबाहेर माघारीचे कर्तव्य रूढ झाले.

शाबितीच्या प्रश्नाचे स्वरूप १९८७ च्या मार्टिन विरुद्ध ओहायो या निकालात स्पष्ट होते. पतीने मारहाण केल्यावर त्याला गोळी घालणाऱ्या स्त्रीनेच आपले स्वसंरक्षण सिद्ध केले पाहिजे, हा ओहायोचा नियम संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी घटनासंमत ठरविला. त्या वेळी असा नियम ओहायो व साउथ कॅरोलायना या दोनच राज्यांत उरला होता.

२०१८ च्या विधेयकात मूळतः दोन्ही सुधारणा होत्या. माघारीसंबंधीचा भाग विधिमंडळातच गळला. शाबितीचा भार सरकार पक्षावर टाकणारा भाग मात्र, गव्हर्नर जॉन केसिक यांचा नकाराधिकार डावलून, २०१९ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेटन शहरातील गोळीबारात नऊ जणांचा बळी गेला. त्यानंतर गव्हर्नर माइक डिवाइन यांनी बंदुकांवरील निर्बंधांचे प्रस्ताव मांडले. विधिमंडळाने ते स्वीकारले नाहीत. उलट कायदेशीरपणे उपस्थित असलेल्या कोणत्याही स्थळी माघारीचे कर्तव्य रद्द करणारे विधेयक संमत केले. जानेवारी २०२१ मध्ये डिवाइन यांनीच त्यावर स्वाक्षरी केली. माघार शक्य होती किंवा नव्हती, याचा विचार करण्यासही या कायद्याने ज्यूरीस मनाई केली.

या दोन सुधारणा एकाच नावाखाली पुढे आल्या, तरी त्यांचे स्वरूप एक नव्हे. पहिलीने आरोपीस निर्दोषत्वाच्या गृहीतकाचा पूर्ण लाभ दिला. दुसरीने रस्त्यावरील वर्तनाचा नियमच बदलला. फ्लोरिडाने २००५ साली असाच कायदा केल्यावर तेथील मनुष्यवधाचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. तेव्हा अशा विधेयकांचे परीक्षण करताना शाबितीचा भार व माघारीचे कर्तव्य यांचा विचार पृथक् झाला पाहिजे. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीस न्याय मिळण्यासाठी पहिली सुधारणा आवश्यक होती. त्यासाठी रस्त्यावरील प्रत्येक सशस्त्र मनुष्यास माघारीच्या कर्तव्यातून मुक्त करण्याची आवश्यकता नव्हती.